हर्पीस निघाला, आता मला कोण हो म्हणेल?

हा प्रश्न माझ्याकडे बायका विचारतात, पुरुष विचारतात, आणि विचारताना बहुतेक सगळे खाली बघून विचारतात. टेस्टमध्ये जेनायटल हर्पीस (सेक्समधून पसरणारा, गुप्तांगावर फोड आणणारा व्हायरस) निघाला, डॉक्टर म्हणाले व्हायरस शरीरातून पूर्ण जात नाही, मग पुढे कोणाशी जुळलं तर सांगायचं का, कधी सांगायचं, आणि सांगितल्यावर समोरचा थांबेल का. एका मुलीची केस सांगते, तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तिशीच्या आतली. पहिला अटॅक जोरात आलेला, ताप, जांघेत गाठी, फोड, लघवीला जायचीच भीती वाटावी एवढी आग. डॉक्टरांनी फोडाचा स्वॅब घेऊन पीसीआर (व्हायरस शोधणारी टेस्ट) केली, हर्पीसच्या दोन प्रकारांतला टाइप २ आला, व्हायरस दाबणाऱ्या एसायक्लोव्हिरच्या गोळ्या दिल्या, सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची टेस्टही करून घेतली (ती करायलाच हवी, हर्पीस असला की एचआयव्हीची लागण व्हायचा धोका वाढतो). फोड सुकले, आणि खरं रडू त्यानंतर आलं.

पहिल्या भेटीत ती बोलली ती फक्त आधीच्या बॉयफ्रेंडबद्दल, त्यानेच दिलं, त्याला माहीत होतं, त्याने लपवलं. असेलही. पण नसेलही, कारण हा व्हायरस अंगात शिरला की पाठीच्या कण्याजवळच्या नसांमध्ये जाऊन बसतो आणि खूप जणांना कधी काही जाणवतच नाही, किंवा एवढं किरकोळ होतं की घामोळं समजून सोडून देतात. डब्ल्यूएचओच्या अंदाजाप्रमाणे जगात १५ ते ४९ वयातल्या साधारण १३ टक्के लोकांना टाइप २ आहे आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीतच नाही. पहिला त्रास लागण झाल्यावर काही दिवसांत होऊ शकतो, तसाच काही वर्षांनीही, त्यामुळे कोणाकडून आलं हे रिपोर्टवरून कळत नाही. तिने शेवटी त्याला दोन ओळींचा मेसेज टाकला, मला हे निघालंय, तूही डॉक्टरांशी बोल. भांडण नाही, हिशोब नाही. तो विषय तिथे संपला.

मग आला अवघड प्रश्न, आणि तो तिने वकिलासारखा मांडला. "मॅडम, मी रोज गोळी घेईन, कंडोम वापरेन, फोड आले असतील तेव्हा जवळच जाणार नाही, एवढं सगळं केल्यावर सांगायची गरजच काय?"

प्रश्न चुकीचा नाही. या तिन्ही गोष्टींचा उपयोग होतोच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जोडप्यातल्या एकाला टाइप २ होता आणि तो रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर (एसायक्लोव्हिरसारखंच औषध) घेत होता, तर दुसऱ्याला लागण व्हायचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. कंडोमनेही धोका कमी होतो, पण कंडोम झाकत नाही त्या त्वचेतूनही व्हायरस जातो, आणि वर काही दिसत नसतानाही अधूनमधून बाहेर पडतो. म्हणजे धोका उरतोच. आणि तो उरलेला धोका घेणार कोण, तर समोरचा, मग घ्यायचा की नाही ते त्यालाच ठरवू दे ना. यावर मी मऊ बोलत नाही. सेक्सच्या आधी सांगायचं.

पण आधी म्हणजे पहिल्याच कॉफीला नाही. प्रत्येक ओळखीच्या माणसाला आपली मेडिकल फाइल दाखवायची नसते. नातं शरीराकडे वळतंय असं वाटायला लागलं की सांगायचं, दोघांचे कपडे अंगावर असताना, दोघं शुद्धीत असताना, आणि समोरच्याला उठून घरी जाऊन विचार करता येईल अशा वेळी. समोरासमोरच पाहिजे असं काही नाही, फोनवर चालतं. आणि ज्याच्या रागाची भीती वाटते त्याला एकटीने भेटून तर अजिबात सांगू नका, तिथे मेसेज बरा, आणि अशा माणसाशी पुढे जायचं का हाही प्रश्न आहेच.

काय बोलणार ते म्हणून दाखव म्हटलं तर तिची सुरुवात होती, "हे ऐकून तुला माझी किळस येईल पण..." तिथेच थांबवलं. समोरच्याला काय वाटावं ते आपणच त्याच्या हातात ठेवलं तर तो तेच वाटून घेणार. मग तिने दुसऱ्या टोकाला जाऊन पूर्ण लेक्चर तयार केलं, आकडे, औषधं, सगळं. तेही कापलं. शेवटी राहिलं ते एवढंच: "आपण पुढे जायच्या आधी एक सांगायचंय. मला जेनायटल हर्पीस आहे. मी औषध घेते, काळजी कशी घ्यायची ते मला माहितीये, तरी थोडा धोका राहतो. तुला वेळ हवा असेल तर घे, काहीही विचार." आणि मग गप्प बसायचं, हे तिला सगळ्यात जड गेलं.

पहिल्याने ऐकून घेतलं, छान बोलला, आणि हळूहळू रिप्लाय बंद. ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, बघा, म्हटलं होतं ना. वाईट वाटलंच, मीही उगाच समजूत घालत बसले नाही. नाही म्हणायचा हक्क त्याला होता आणि त्याने तो वापरला, सरळ सांगितलं असतं तर बरं झालं असतं एवढंच.

काही महिन्यांनी दुसरा. त्याने आठवडाभर वेळ घेतला, मग प्रश्न घेऊनच आला. त्यातला एक तिला येत नव्हता, पुढे मूल हवं असेल तर? दोघं डॉक्टरांकडे गेले. बाळाला जास्त धोका असतो तो आईला शेवटच्या महिन्यांत नवीन लागण झाली तर, जुनी लागण असेल तर खूपच कमी. अशा वेळी साधारण ३६व्या आठवड्यापासून गोळी देतात आणि कळा सुरू होताना फोड असले तर सिझेरियन करतात. गायनॅकना आधीच सांगून ठेवायचं, बस. बोलता बोलता त्यानेही सांगितलं की त्याला लहानपणापासून तापानंतर ओठांवर फोड येतात, तो बहुतेक वेळा याच व्हायरसचा टाइप १, आणि तोही ओरल सेक्समधून खाली जाऊ शकतो हे त्याला पहिल्यांदा कळलं.

ते एकत्र आहेत, सध्या तरी. ती रोजची गोळी घेते, वर्षभराने थांबवून बघू असं डॉक्टर म्हणालेत, कारण बहुतेकांचे अटॅक काळानुसार कमी होत जातात. त्याला आपली रक्ताची टेस्ट करून टाकायची घाई झालीय. करा, पण डॉक्टरांशी बोलून, काहीच त्रास नसताना केलेली आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडी बघणारी) टेस्ट आकडा थोडाच वर असला तर खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि आयजीएम नावाच्या दुसऱ्या अँटिबॉडी टेस्टवर तर पैसे घालवूच नका.