हॅलोविन आणि साडेतीन वर्षांची मुलगी

प्रश्न : आम्ही अमेरिकेत न्यू जर्सी येथे राहतो. गेल्या हॅलोविनला शेजारच्या अंगणातला हलता सांगाडा पाहून आमची मुलगी इतकी घाबरली, की पुढे कित्येक दिवस त्या घरावरून जायलाही तयार नव्हती. ती आता साडेतीन वर्षांची आहे आणि मैत्रिणींचे ऐकून यंदा तिला परी होऊन दारोदार चॉकलेटे गोळा करायची आहेत. सध्या आमच्याकडे आलेल्या सासूबाईंना मात्र भुताखेतांचा हा सण मुलांसाठी नको वाटतो. तिला न्यावे का, आणि कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक

उत्तर : अवश्य न्यावे, मात्र संध्याकाळचा बेत तुमच्या हौशीने नव्हे, तिच्या कलाने आखावा.

तिची भीती हा भित्रेपणा नव्हे. मानसशास्त्रज्ञ रीटा डीव्हरीस यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेनार्ड नावाच्या एका गरीब स्वभावाच्या मांजराला कुत्र्याचा मुखवटा चढवला होता. मुखवटा घालताना मांजराचे शेपटीकडचे अंग मुलांच्या डोळ्यांसमोरच ठेवलेले होते, तरीही तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना मांजराचा खरोखरच कुत्रा झाला असे वाटले. सहा वर्षांच्या मुलांचा सहसा तसा गोंधळ झाला नाही. त्यामुळे ‘अगं, ते खोटं आहे’ एवढ्याने तिची समजूत पटणार नाही. त्याऐवजी हॅलोविनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या, आधी एखाद्या दिवशी भर उजेडात त्या शेजाऱ्यांकडे जावे, त्यांना विचारून तो सांगाडा बंद असताना तिला जवळून पाहू द्यावा आणि बटण दाबल्यावर तो कसा हलतो, हे ती तुमच्या कडेवर असताना लांबून दाखवावे. तिला हात लावायचा नसेल, तर आग्रह मुळीच करू नये. घरातल्या कोणी वेश करणार असेल, तर तो तिच्यासमोर एकेक वस्तू चढवत करावा. दुसऱ्या खोलीतून सजून अचानक पुढे येण्याची गंमत फक्त मोठ्यांनाच वाटते.

परीचा झगा घोट्याच्या वर राहील एवढा आखूड असावा, त्याखाली उबदार कपडे घालावेत आणि पंखांवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी चिकटवावी. मुखवट्याने नजर अडते. त्याऐवजी गालावर थोडा रंग पुरे, तोही आधी हातावर लावून पाहिलेला. अमेरिकेत उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली घड्याळे २००७ पासून हॅलोविन उलटल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतली जातात, त्यामुळे हॅलोविनच्या संध्याकाळी थोडा अधिक उजेड मिळतो. त्याचा फायदा घेऊन साडेपाचच्या आधी निघावे आणि ओळखीची चार-पाच घरे झाली, की परतावे. रस्ता ओलांडताना तिचा हात धरावाच, कारण त्या संध्याकाळचा खरा धोका मोटारींचा असतो. अनोळखी लोक चॉकलेटात विष घालतात, या दरवर्षीच्या वदंतेचा समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अनेक दशके पाठपुरावा केला. अनोळखी माणसाने अशा रीतीने मूल मारल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्यांना आढळले नाही. पिशवी घरी आल्यावर अवश्य तपासावी, पण विषाच्या धास्तीने नव्हे, तर कडक गोळ्या, अख्खे दाणे, च्युइंगगम आणि चिकट कॅरॅमल बाजूला काढण्यासाठी, कारण चार वर्षांखालील मुलांच्या घशात हे पदार्थ अडकू शकतात.

सासूबाईंचा आक्षेप वादाने मिटणार नाही. त्यांना या सणाचे मूळ सांगावे. १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या ख्रिस्ती सणाची ही आदली संध्याकाळ, आणि त्याही मागे सुगी संपून हिवाळा लागताना आयर्लंड-ब्रिटनमधले प्राचीन केल्टिक लोक पाळत असलेला दिवस आहे, ज्या दिवशी मृतात्मे परत येतात अशी त्यांची समजूत होती. पितृपक्ष पाळणाऱ्या घराला ही कल्पना फारशी परकी वाटू नये. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथून अमेरिकेत आलेल्यांना भोपळा मिळाला आणि तो कोरायला सोपाही पडला. आजी-नातीला भोपळ्यातला गर आणि बिया हातांनी काढू द्याव्यात, सुरी तुमच्या हाती ठेवावी आणि आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा लावावा.

इतके करूनही ऐन वेळी ती बाहेर पडायला नाही म्हणाली, तर तिला परीच्याच वेशात आजीजवळ दारात बसवून येणाऱ्या मुलांना चॉकलेटे वाटू द्यावीत. दारात येणाऱ्यांचे मुखवटेही तिला सोसेनात, तर सरळ पोर्चमधला दिवा मालवावा. दिवा बंद असलेल्या घराची बेल वाजवायची नाही, हा तिथला रिवाज बहुतेक सगळेच पाळतात.