झाडाखाली बसले, तर मंडळी सोडली का?

प्रश्न: ताई, सलाम. मी मालाडला राहते. नोकरी अंधेरीला, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रविवारी संडे स्कूल आणि क्वायर. चर्चमधून घरी आले तरी जीव शांत नसतो. मागच्या महिन्यात एकटीच बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेले आणि दहिसर नदीजवळ एका खडकावर बसले. प्रार्थनासुद्धा केली नाही, नुसती रडले. त्या रात्री गाढ झोप लागली. महिला मंडळात हे बोलले, तर एक बाई म्हणाल्या, "देव मंडळीत (चर्चमध्ये) भेटतो, झाडाखाली नाही. ही निसर्गपूजा झाली." माझं चुकलं का?
– एक थकलेली बहीण

उत्तर: प्रिय बहिणी, सलाम.

तुझं काहीच चुकलेलं नाही. प्रार्थना केली नाही म्हणून तुला अपराधी वाटतंय, म्हणून आधी बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याकडे बघ. १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात तो जिवाला कंटाळून रानात एका झुडपाखाली पडला, "आता पुरे" म्हणाला आणि झोपी गेला. देवदूताने त्याला उठवून काय सांगितलं? ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी होती. तो खाऊन पुन्हा झोपला, तरी देवदूत रागावला नाही, त्याने पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाची मंद वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर. नदीकाठी तू रडलीस आणि रात्री झोपलीस, एवढंच तुला त्या दिवशी हवं होतं.

निसर्गपूजेचं म्हणशील, तर तू झाडाला हात जोडले नाहीस. "आकाश देवाचा महिमा वर्णिते" हे स्तोत्र आपण चर्चमध्येच वाचतो ना?

त्या बाईंचं एक मात्र खरं: मंडळी सोडू नकोस. प्रभू येशू दर शब्बाथी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात जायचा आणि पहाटे उठून एकांतातही जायचा. शिष्यांना जेवायची सवड मिळेना, तेव्हा त्यानेच त्यांना एकांती थोडा विसावा घ्यायला नेलं. पुढे काय झालं ते मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पुन्हा वाच. लोक पायी धावत आधीच तिथे पोहोचले. विसावा राहिला बाजूला, पाच हजारांना जेवू घालावं लागलं. तरी संध्याकाळी सगळ्यांना निरोप देऊन तो डोंगरावर प्रार्थनेला गेलाच. तुझीही वेळ मोडेल, सासूबाईंची हाक येईल. त्या दिवशी जा त्यांच्याकडे, पण पुढची वेळ सोडू नकोस.

मला खरी काळजी तुझ्या रविवारची वाटते. संडे स्कूल आणि क्वायर यांपैकी एक काम काही महिने दुसऱ्या कुणाकडे द्या, असं पाळकांना स्पष्ट सांग. सेवा कमी केली तर देव रागावेल, ही भीती आपल्या बायकांच्या मनात फार खोल बसली आहे आणि मला ती बघवत नाही. नवऱ्यालाही सांग, शनिवारी सकाळी दोन तास आईजवळ तू बसायचं.

पार्कात जाशील तेव्हा सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते त्या रस्त्यालगतच बस. जंगल सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यात बिबटे आहेत, एकटीने आत शिरू नकोस. पावसाळ्यात नदीपासून लांब राहा. सोमवारी पार्क बंद असतं. मोबाइल सोबत असू दे, पण पर्समध्ये. बायबल नेलंस तर एकच स्तोत्र वाच आणि मिटून ठेव. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथे सागाचं मोठं वाळकं पान खाली पडतानाही ऐकू येतं. ते ऐकत बसलीस तरी चालेल, तासाभरात काहीतरी "मिळालंच" पाहिजे असा हट्ट नको.

आणि एक. एलीयाने मरण मागितलं होतं. तुलाही जगणं नकोसं वाटू लागलं, तर एका दिवसाचीही वाट बघू नकोस, आणि झोप आठवडेच्या आठवडे लागेना, तरीही अंगावर काढू नकोस. घरच्यांना सांग, डॉक्टरांकडे जा, आणि मलाही कळव.
– ताई