आंघोळीच्या वेळी खोलीबाहेर थांबा

(पत्र संक्षिप्त केले आहे.)

ताई, माझं वय 52, लग्न केलं नाही. सोलापूरच्या साखर पेठेत घराच्याच पुढच्या खोलीत किराणा दुकान आहे. सात महिन्यांपूर्वी आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तिचं सगळं मीच करतो. आंघोळ घालताना ती डोळे गच्च मिटून घेते, बाकी त्रास काही देत नाही. बहीण पुण्याहून येते, दोन दिवस रडते आणि जाते. आई जन्मभर सिद्धेश्वराची. दर संक्रांतीच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला गर्दीत उभी राहायची, रोज माळ ओढायची. आता माळ हातात दिली की ढकलून देते. तिचीच श्रद्धा उडाली तर माझी कशी टिकणार? मी देवळात जाणं सोडलंय. आधार शोधू तरी कुठे?

---

दादा, बहिणीवर तुम्ही दीड पान लिहिलंय, देवावर एक पान, आणि आईच्या मिटलेल्या डोळ्यांवर एक ओळ. मी त्या ओळीपाशीच अडले आहे. बहिणीचं नंतर बघू.

‘त्रास देत नाही’ म्हणे! जिने जन्मभर मुलासमोर पदर ढळू दिला नसेल, ती रोज सकाळी त्याच मुलासमोर उघडी पडते. ‘नको’ म्हणायला शब्द नाही, बाजूला व्हायला अंगात बळ नाही. डोळे मिटता येतात, तेवढे ती मिटते. सात महिने ती तुम्हाला हेच सांगते आहे.

आता माळेकडे या. उजवा हात गेलाय, म्हणजे माळ तुम्ही डाव्या हातात देत असणार. डाव्या हाताने देवाला कधी फूल न वाहिलेली बाई त्या हाताने जप करील? तोही पारोशा अंगाने, ओल्या डायपरमध्ये? मला तरी यात श्रद्धा उडालेली दिसत नाही. उलट ती अजून इतकी घट्ट आहे की ओवळ्या अंगाने माळेला शिवायला ती तयार नाही.

म्हणून एकच सांगते. आंघोळीला बाई ठेवा, आणि त्या वेळी तुम्ही खोलीबाहेर थांबा.

आधी आईला विचारा. प्रश्न छोटा ठेवा: “आंघोळीला बाई बोलावू?” मान किंवा डाव्या हाताची पकड, जे तिला जमेल त्याने उत्तर घ्या. थोड्या वेळाने उलटा प्रश्न विचारा: “मीच घालू?” लकव्यात वाचा जाते तेव्हा ‘हो’ आणि ‘नाही’ची अदलाबदल होऊ शकते, म्हणून दोन्हीकडून विचारायचं. दोन्हींना मान हलली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. ‘तिला परक्या बाईचा हात चालणार नाही’ हे तुम्ही परस्पर ठरवू नका.

बाई कुठून आणायची? फिजिओथेरपिस्टला विचारा, दवाखान्यातल्या आयाबाईंना विचारा, वॉर्डातल्या आशाताईंना विचारा. पूर्ण दिवसाची नको, सकाळचा पाऊण तास पुरे. पहिले तीन दिवस दाराबाहेर उभे राहा आणि बाईला पुढचं सगळं नीट समजावून द्या.

पाणी कोमट हवं, आणि ते बाईने स्वतःच्या कोपराने पाहायचं. आईच्या उजव्या हाताला चटका कळेलच असं नाही, भाजल्याचं फोड आल्यावर समजेल. सोलापुरात पाणी रोज कुठे येतं, तेव्हा अर्धी-अर्धी बादली दोन: एक साबणाची, एक साधी. आंघोळ संपेपर्यंत पंखा बंद. अंगावर जुन्या सुती साडीचं दुपदरी पांघरूण असू द्या. आपली सोलापुरी चादर जड पडते आणि ओली झाली की लवकर वाळत नाही. पांघरूण एका वेळी एकाच भागावरून सारायचं. तो भाग पुसला, कोरडा केला, झाकला, की पुढचा. आधी तोंड, तेही बिनसाबणाचं. मग हात, छाती, पोट, पाय, शेवटी कुशीवर वळवून पाठ. छातीखालच्या आणि जांघेतल्या घड्या टिपून कोरड्या करायच्या, तिथे ओल राहिली की बुरशी धरते. लघवीची जागा सगळ्यात शेवटी, पाणी बदलून, वेगळ्या फडक्याने, पुढून मागे. उलटं पुसलं की शौचाचे जंतू लघवीच्या वाटेत जातात आणि थंडी-ताप सुरू होतो.

वळवताना उजव्या काखेत हात घालून ओढायचं नाही. लुळ्या हाताचा खांदा सैल झालेला असतो, सहज निसटतो. कपडे घालताना उजवा हात आधी, काढताना डावा आधी. तिला गाऊनमध्ये कोंबू नका. दोन-तीन ब्लाउज पाठीत बंद लावून शिंप्याकडून करून घ्या आणि अर्धी साडी वरून गुंडाळा. आरशात तिला स्वतःची ओळख पटली पाहिजे.

माकडहाड आणि टाचा बाईने रोज बघून तुम्हाला सांगायच्या. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडायचा. पांढरा होऊन परत लाल झाला तर ठीक. लालच राहिला तर जखमेची सुरुवात आहे, त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही आणि डॉक्टरांना कळवायचं.

आता माळ. आंघोळ झाल्यावर, कोरड्या कपड्यात, उशांचा टेका देऊन बसवल्यावर. तिचा उजवा हात उशीवर पालथा नाही, उताणा ठेवा. बोटं आखडली असतील तर ताणू नका, तळवा चोळत हळूहळू सोडवा. माळ उजव्या तळव्यात ठेवा आणि मणी पुढे सरकवायला तिचा डावा हात वरून येऊ द्या. जप उजव्याच हातात होईल. तुम्ही शेजारी बसून ‘ॐ नमः शिवाय’ म्हणा आणि मध्येच ‘ॐ नमः’वर थांबा. लकव्यात ठरवून बोलायचे शब्द जातात, पण वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं, आरती, मंत्र, आकडे, पुष्कळदा शिल्लक असतं. आले शब्द तर आले. “म्हण ना आई” असा तगादा मात्र लावू नका, तिची परीक्षा नको. आणि बाई येऊ लागल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही ती जेवण टाळत असेल, सारखी रडत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लकव्यानंतर मन खचणं हा त्या आजाराचाच भाग असतो आणि त्यावर औषध आहे.

तुम्ही आधार विचारलात. चौथ्या दिवसापासून तो पाऊण तास तुमचा. दुकान उघडू नका, साखर पेठेतून सिद्धेश्वराच्या तळ्याकडे चालत जा. देवळात जावंसं वाटलं तर जा, नाही वाटलं तर काठावर बसा आणि या. आईची माळ बंद पडली म्हणून तुम्ही रुसला होता. ते कारण खरं नव्हतं, एवढं आता तुम्हाला ठाऊक आहे.

बहिणीला एकच फोन करा: बाईचा पगार दर महिन्याच्या 1 तारखेला तिने पाठवायचा. रडायला तिला पुण्यातही जागा आहे.

दिवसातले बाकीचे डायपर तुम्हालाच बदलावे लागतील, ते टळत नाही. पण हात लावण्याआधी “आई, बदलतोय” असं सांगा, मांड्यांवर साडी असू द्या, हाताशी सगळं घेऊनच सुरुवात करा, म्हणजे मध्येच तिला तशीच टाकून उठावं लागणार नाही. बाई खाडा करील त्या दिवशी आंघोळ घालू नका. तोंड, हात, पाय पुसा. एक दिवस आंघोळ चुकली तर काही बिघडत नाही.