वडिलांना सीओपीडी आहे, मी विडी ओढत नाही. तरी मला होईल का?

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसून दम लागायचा आजार. तो तुम्हाला होईलच असं नाही. पण विडी नाही म्हणजे सुटलो, असंही नाही. मी जळगावात स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी, करतो. तुमच्यासारखी काळजी घेऊन येणारी मुलं नेहमी भेटतात.

गेल्या हिवाळ्यात धरणगावकडचे दोन सख्खे भाऊ आले होते. दोघांची हयात कापसाच्या एकाच जिनिंगमध्ये गेलेली, दोघांच्या खिशात विडीचं बंडल. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि मी म्हणतोय, "फुंका, फुंका, सोडू नका!" धाकट्याने सहा सेकंद आरामात फुंकलं. थोरला मध्येच खोकत वाकला, "माले दम लागस भो." निरोगी माणूस एकूण हवेपैकी ७० टक्क्यांहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. थोरल्याची निम्मीच पडत होती.

सख्ख्या भावांची जनुकं साधारण निम्मीच जुळतात, उरलेल्यात असा फरक दडलेला असू शकतो. 'सीओपीडीचं एक जनुक' असं सहसा काही नसतं. २०२३ मध्ये सुमारे ५ लाख ८० हजार लोकांचे जनुक तपासले, तेव्हा फुप्फुसाच्या ताकदीशी जोडलेल्या १,०२० खुणा सापडल्या. एकेकीचा वाटा चिमूटभर. काहींचा संबंध आईच्या पोटात श्वासनळ्यांना फांद्या फुटतात त्या कामाशी आहे. काही माणसांच्या नळ्या फुप्फुसाच्या मानाने मुळातच अरुंद असतात. विशी-पंचविशीपर्यंत फुप्फुस भरतं, मग उतार लागतो. ज्याची सुरुवातच कमी, त्याला धुराचा तोटा लवकर जाणवतो.

एकाच जनुकाने घात होतो तो अल्फा-१ अँटीट्रिप्सिनच्या कमतरतेत. यकृतात बनणारं हे प्रथिन फुप्फुसातले फुगे शाबूत ठेवतं. स्वीडनमध्ये १९६३ साली हा आजार ओळखला गेला. आपल्याकडे तो फारच विरळा. वडिलांना चाळिशीच्या आसपासच त्रास सुरू झाला असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना या प्रथिनाच्या रक्ततपासणीबद्दल जरूर विचारा.

तुम्ही लिहिलंय की घरी अजून पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, चूल पेटते. मला जनुकांपेक्षा त्याची जास्त धास्ती वाटते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायांनी आयुष्यात विडी हातात धरलेली नसते, आणि नळीत फुंकताना त्या थोरल्या भावासारख्याच वाकतात. म्हणून तपासणीला एकटे जाऊ नका, आईलाही न्या. पोटभर जेवून मात्र जाऊ नका, नीट फुंकता येत नाही.