कुत्र्याने रुपयाचं नाणं गिळलं. केळं भरवू की मिठाचं पाणी पाजून उलटी काढू?

दोन्ही नको. आधी डॉक्टरांना फोन करा आणि एक्स-रे कुठे निघेल ते विचारून घ्या, सगळ्याच दवाखान्यांत मशीन नसतं. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच. दोन तास झाले तरी तो खेळतोय असं तुम्ही लिहिलंय. बरंच आहे, पण त्यावर विसंबू नका. नाणं जठरात आहे तोवर दुर्बिणीने तोंडावाटे काढता येतं. आतड्यात उतरलं की मग वाट बघा, नाहीतर पोट उघडा.

मिठाचं पाणी तर अजिबात पाजू नका. उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ अंगात जातं, रक्तातलं सोडियम वाढतं, झटके येतात, कुत्रा दगावूही शकतो. आणि गिळलेली वस्तू टोकदार असेल तर उतरताना सुखरूप गेलेली ती वर येताना अन्ननलिका फाडते. केळ्यात विष नाही, पण भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं. डॉक्टर सांगेपर्यंत खायला काहीच देऊ नका.

आता नाण्याचं. आपलं हल्लीचं एक-दोन रुपयांचं नाणं स्टेनलेस स्टीलचं असतं, ते पोटातल्या आम्लात सहसा विरघळत नाही. तिथे भीती अडकण्याची. जस्ताची गोष्ट वेगळी. जस्त पोटात विरघळून रक्तात गेलं की तांबड्या पेशी फुटायला लागतात. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लाल किंवा तपकिरी होते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण तिथलं 1982 नंतरचं एक सेंटचं नाणं जवळजवळ सगळं जस्ताचंच आहे, वर तांब्याचा फक्त मुलामा. जस्त चढवलेले नटबोल्टही याच यादीत. मासेमारीच्या गळाला लावतात ती शिशाची वजनंही विषारीच, पण ते विष जस्ताचं नाही, शिशाचं.

नाण्याऐवजी घड्याळातला किंवा रिमोटमधला बटण सेल गिळला असता तर हे उत्तर वाचत बसू नका असंच सांगितलं असतं. तो अन्ननलिकेत अडकला तर तासाभराच्या आत आतून भाजायला लागतो. दोन लोहचुंबक गेले तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना धरतात आणि मधला भाग सडतो. सुई-दोरा गेला आणि दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. कितीही मोह झाला तरी नाही.

आमच्या लॅब्राडॉरने आईचं चांदीचं जोडवं गिळलं होतं. उरलेलं जोडवं मी दवाखान्यात सोबत नेलं, त्याचा फार उपयोग झाला. आकार, जाडी, टोकं बोथट आहेत की नाहीत, हे डॉक्टरांना हातात घेऊन बघता आलं, आणि थांबू या असं त्यांनी ठरवलं. तुम्हीही तसंच नाणं खिशात टाकून न्या. (ते जोडवं नंतर सोनाराकडे मोडीत गेलं. त्याला इतिहास सांगितला नाही.)

तुम्हालाही डॉक्टरांनी थांबायला सांगितलं तर त्याला पट्ट्याशिवाय बाहेर सोडू नका, नाहीतर शी कुठे केली ते कळणारच नाही. प्रत्येक वेळी हातात पिशवी घालून कुस्करून बघायचं. किळस वाटते, इलाज नाही. सारख्या उलट्या, लाळ गळणं, खाणं सोडणं, पोटाला हात लावू न देणं, काळी शी, किंवा पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करून बसणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. दोन-तीन दिवसांत नाणं सापडलं नाही तर पुन्हा एक्स-रे काढायचा. आणि पहिला एक्स-रे स्वतः नीट बघा. एकावर एक बसलेली दोन नाणी समोरून एकच दिसतात, म्हणून बाजूनेही एक काढायला सांगा.