शनिवारनंतर रविवारच का?

प्रश्न : नातीने विचारलं, "आजी, सूर्यानंतर पहिला ग्रह बुध, मग रविवारनंतर बुधवार का नाही?" मला काही सांगता आलं नाही. दुसरं असं, की तिचा जन्म मंगळवारी पहाटे ३ वाजता वाशीच्या इस्पितळात झाला. गुरुजींनी पत्रिकेत सोमवार लिहिलाय. हे चुकलंय का?
– एक आजी, ऐरोली

उत्तर : ताई, नातीला आधी शाबासकी. नौपाड्यात इतकी वर्षं गणित शिकवलं, पण हा प्रश्न एकाही पोराने मला विचारला नाही.

पाठ्यपुस्तकातला क्रम सूर्यापासूनच्या अंतराचा. वार ठरले तेव्हा पृथ्वी मधोमध मानत आणि ग्रह चालीप्रमाणे लावत. सगळ्यांत संथ शनी, त्याला एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, आणि सगळ्यांत चपळ चंद्र, २७ दिवसांत आकाश पालथं घालणारा. आता दिवसाच्या २४ होरा, म्हणजे तास, या सात जणांना ओळीने वाटायच्या. सूर्योदयाची पहिली होरा ज्याची, त्याच्या नावाचा वार. नातीला बोटांवर मोजायला बसवा. शनिवारी सूर्योदयाची पहिली होरा शनीची. सात त्रिक एकवीस, तीन फेऱ्या संपल्या. बाविसावी परत शनीची, तेविसावी गुरूची, चोविसावी मंगळाची. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला की पाळी रवीची. झाला रविवार! तिथून असंच मोजलं की सोमवार, मग मंगळवार. २४ ला ७ ने भागा, बाकी ३. सगळी गंमत त्या तिनात. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास हाच नियम एका श्लोकात बसवलाय. राहू-केतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्या वाट्याला वार नाही.

'वार आपलेच, बाकीच्यांनी उचलले' असं आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर ठासून सांगणारे आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण वेदांगज्योतिष या आपल्या जुन्या कालगणनेच्या ग्रंथात तिथी आहे, नक्षत्र आहे, वार नाही. ग्रहांच्या नावाचे वार रोमन जगात आधीपासून होते, इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईच्या भिंतींवरही ते सापडले. आपल्याकडे मध्य प्रदेशात एरणला गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळचा स्तंभ आहे, इ. स. ४८४ चा. त्यावर तिथीबरोबर गुरुवार कोरलाय. भारतातल्या कालनिर्देश असलेल्या लेखांत वाराचा हा फार जुना पुरावा. बाहेरून आला म्हणून काय बिघडलं? श्रावणी सोमवारी कोपिनेश्वराला जाऊन बघा, वार कोणाचा झालाय ते.

आता पत्रिका. गुरुजी बरोबर आहेत. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इस्पितळाचा रात्री बाराला. जन्मदाखल्यावरची तारीख आहे तशीच राहू द्या, शाळेत आणि आधारला तीच लागते. पुढे कोणाला पत्रिका दाखवाल तेव्हा वार सांगूच नका. तारीख, वेळ आणि गाव सांगा. वार ते काढतील.