रिकॉल मॉडेलचा नसतो, चॅसी क्रमांकाचा असतो

प्रश्न : पीथमपूरहून मुंबईकडे माल नेणारे आमचे दोन ट्रक आहेत. त्यांतला एक तीन वर्षे जुना, दुसऱ्या मालकाकडून घेतलेला. त्याच मॉडेलच्या काही गाड्या स्टेअरिंगच्या दोषासाठी कंपनीने परत बोलावल्याचे देवास नाक्यावर ऐकले. आम्हाला पत्र आले नाही. मग आमची गाडी सुटली असे धरायचे का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : धरू नका. पत्र कंपनीच्या दप्तरातल्या पत्त्यावर, म्हणजे बहुधा पहिल्या मालकाकडे जाते. रिकॉल, म्हणजे दोषासाठी गाड्या परत बोलावणे, निघतो तो ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांच्या चॅसी (सांगाडा) क्रमांकांवर, त्यामुळे शेजारच्या दोन गाड्यांतली एक यादीत आणि दुसरी बाहेर असू शकते. आरसीवरचा १७ अक्षरी क्रमांक चॅसीवर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून घ्या. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे नसतात. शून्याला ओ वाचले की शोध फसतो. तो क्रमांक अधिकृत वर्कशॉपला द्या, रिकॉल बाकी आहे का ते विचारा आणि उत्तर जॉबकार्डवर लिहून घ्या. तोंडी ‘काही नाही साहेब’ चालणार नाही.

रिकॉलच्या दुरुस्तीचे पैसे कंपनीनेच सोसायचे असतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलचे कलम ११०अ आले. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. मात्र झिजलेला बॉल जॉइंट (स्टेअरिंगच्या दांड्यांचा गोळीचा सांधा) म्हणजे रिकॉल नव्हे. ती नेहमीची देखभाल, तिचा खर्च तुमचाच.

प्रश्न : वर्कशॉपची तारीख मिळेपर्यंत गाडी चालवावी का? काय तपासावे?

उत्तर : यादीत क्रमांक असेल आणि कंपनीने ‘चालवू नका’ म्हटले असेल तर उभीच ठेवा. मानपूरच्या पुढे घाटाचा उतार आहे, तिथे नशीब आजमावू नका. ड्रॅग लिंक (स्टेअरिंगचे बळ पुढच्या चाकांकडे नेणारी दांडी) सुटली तर ब्रेक लागतात, पण चाके कुठे वळतील ते ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. स्टेअरिंग शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटचा बोल्ट ढिला असेल तर आतले दाते झिजत जातात आणि एक दिवस स्टेअरिंग फिरते, टायर जागेवरच.

तपासणीला दोघे लागतात. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत इंजिन बंद ठेवून मोजलेला प्ले (मोकळी हालचाल) खोटा निघतो. एकाने स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडे थोडे हलवावे. दुसऱ्याने बाजूने वाकून ड्रॉप आर्म (स्टेअरिंग बॉक्समधून निघणारा हात), ड्रॅग लिंक, टाय रॉडची (पुढची दोन्ही चाके जोडणाऱ्या दांडीची) टोके पाहावीत. एक भाग हलला आणि पुढचा उशिरा हलला, तर सांधा तिथे ढिला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. ५० सेंमी व्यासाच्या स्टेअरिंग चाकावर कडेला ते सुमारे १३ सेंमी भरतात. हा शेवटचा काठ आहे, तिथपर्यंत जाऊ देऊ नका. त्याच नियमाप्रमाणे बॉल जॉइंटला रबरी टोपी हवी आणि बोल्ट-पिना लॉक केलेल्या हव्यात.

मग पुढचे चाक जॅकवर घ्या, ॲक्सलखाली स्टँड लावा. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले दिसला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा: ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंग पिन (चाक वळते त्या सांध्याची खीळ).

प्रश्न : मिस्त्री म्हणतो, ड्रॅग लिंक वेल्डिंग करून देतो, दोन दिवस वाचतील.

उत्तर : नको. या भागांना ठरावीक कडकपणा दिलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने तो बिघडतो आणि पुढे तिथूनच चीर जाते. शिवाय कंपनी दावा नाकारायला मोकळी.

नवा भाग बसवताना खाचांची नट ठरल्या टॉर्कला (जोराला) कसल्यावर स्प्लिट पिनचे (नट फिरू न देणाऱ्या दुभंगी पिनेचे) भोक जुळले नाही, तर नट मागे सोडू नये, पुढे कसूनच जुळवावी; मागे सोडली की बॉल जॉइंटची निमुळती मान नीट बसत नाही. पिन दरवेळी नवी घाला. नंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्या आणि नट-बोल्टवर रंगाची एक आडवी रेघ ओढा. रेघ सरकलेली दिसली की ड्रायव्हरने गाडी थांबवायची.